‘भरलं’ म्हणजे नक्की काय भरलं

माझं वर्ष चार तारखांना बांधलेलं आहे. जुलैअखेर, ऑक्टोबरअखेर, जानेवारीअखेर आणि मेअखेर. या चार वेळेला घरात कुणी आजारी पडू नये, जवळच्या कुणाचं लग्न निघू नये आणि लाईट जाऊ नये, एवढंच मी देवाकडे मागते. पहिल्या दोन गोष्टी तो बऱ्याचदा ऐकतो. लाईटचं त्याच्याही हातात नसावं.

वरवंडला हायवेच्या कडेला, एका खताच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. युरियाचा वास आता मला येत नाही, आलेल्या माणसाने नाक मुरडलं की आठवतो. पाटीवर ‘कर सल्लागार’ असं लिहिलंय, लोक मात्र ‘सीए मॅडम’ म्हणतात. मी सीए नाही हे सांगून सांगून थकले, आता सांगत नाही. माझं काम तसं रुक्ष. ज्यांच्याकडे पगारावर माणसं आहेत आणि त्या पगारातून आयकर कापला जातो, त्यांचा हिशेब सरकारला वेळेत कळवायचा. त्यात शाळा आल्या, पतसंस्था आल्या, कुरकुंभ आणि रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर आले. कर कापला, बँकेत जमा केला, की लोकांना वाटतं सुटलो. तसं नसतं. तो कर कोणाचा, किती आणि कधी कापला हे दर तिमाहीला वेगळं कळवावं लागतं. त्याला रिटर्न म्हणतात. ते चुकलं तर दिवसाला दोनशे रुपये लेट फी चालू होते. ती रविवारी थांबत नाही, दिवाळीत थांबत नाही, गावच्या जत्रेला तर नाहीच नाही. शिवाय त्याहून मोठा दंड वेगळा, तो साहेबाच्या मनात आलं तर.

हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलंय, की आता सांगताना माझंच माझ्याकडे लक्ष नसतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, “मॅडम, नोटीस आली का? न्हाई ना? मग आल्यावर बघू.” त्याचा सुपरवायझर दारात उभा राहून सांगतो, “मैडम, सेठ बोले अगले महीने पक्का.” त्यांचा पुढचा महिना कधी उजाडत नाही. शाळावाले जरा सभ्य असतात, ते ‘निरंक’ म्हणतात. शाळेच्या दप्तरात या शब्दाइतका लाडका शब्द दुसरा नसेल. काही विचारा, उत्तर निरंक. वर्षभर निरंक, निरंक करत राहायचं आणि सगळा कर फेब्रुवारीच्या पगारातून एकदम कापायचा, अशी पद्धत. म्हणून फेब्रुवारीत कुठल्याही शिक्षकाकडे हातउसने मागायला जाऊ नये. त्या महिन्यात त्याच्या पगाराच्या स्लिपवर त्याचं नाव सोडलं तर फारसं काही नसतं.

आणखी एक गंमत आमच्या भागातली. एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकच, एक जून. जन्माची तारीख घरात कुणाला आठवत नसायची. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. ती पिढी मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, आणि आता घाऊक भावात एकतीस मेला निवृत्त होते. त्या एका दिवशी इतके हार लागतात की यवतपासून दौंडपर्यंत झेंडूला भाव चढतो. आणि पगाराच्या शेवटच्या तिमाहीचं रिटर्न भरण्याची शेवटची तारीख कुठली, तर एकतीस मे. ज्याने कुणी ही तारीख ठरवली त्याला आमच्याकडच्या शाळा ठाऊक नसणार. ज्या दिवशी मुख्याध्यापक शालीखाली घामाघूम होऊन भाषणं ऐकत असतात, नेमकी त्याच दिवशी त्यांची सही हवी असते.

गेल्या वर्षीच्या जुलैत एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. चपला खाली खताच्या दुकानाशीच काढून अनवाणी जिना चढले, तेव्हाच मला कळलं की माणूस शाळेतला आहे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. भीमेच्या पलीकडे, तळेगाव ढमढेरेच्या बाजूला एक माध्यमिक शाळा आहे, तिथले ते क्लार्क. शाळा सुरू झाली तेव्हापासूनचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही पहिल्याच दिवसापासून आप्पाच म्हणू लागले.

“ताई, जरा बघा,” ते म्हणाले. “पैसं गेल्यालं हायती. आन् म्हंत्यात दिसत न्हाईत.”

मी पाणी दिलं आणि नीट विचारलं. हकीकत अशी होती. त्यांचे मुख्याध्यापक मेअखेरीला निवृत्त झाले होते. विज्ञानाच्या बाईंकडे शाळेचा कार्यभार आला होता. बाई हुशार, मोबाईलवर सगळं बघणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या नावावर किती कर जमा झालाय ते बघितलं, तर फेब्रुवारीच्या पगारातून कापलेले पैसे कुठेच नाहीत. मग बाकीच्या शिक्षकांनी बघितलं. कुणाचेच नाहीत. पगारातून तर गेले आणि सरकारात दिसत नाहीत, म्हणजे मध्ये कुठेतरी राहिले. आणि मध्ये होते आप्पा. बँकेत जायचे तेच.

“कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“तोंडावर कोन बोलतंय ताई. पर चा आला की मला हाक मारीना झाल्यात.”

मी कॉम्प्युटरवर शाळेचा नंबर टाकून बघितलं. पैसे होते. सगळे होते. फेब्रुवारीचा पगार मार्चात हातात पडलेला, म्हणून एप्रिलमध्ये जमा केलेले पैसे मुदतीच्या आतच होते, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण त्या पैशांवर नावं नव्हती, कारण शेवटच्या तिमाहीचं रिटर्न कुणी भरलंच नव्हतं. मी आप्पांना म्हणाले, “लग्नात तुम्ही आहेराचं पाकीट दिलं, पण त्यावर नाव टाकलं नाही, तर काय होईल? तसं झालंय.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कपाळ पुसलं.

“म्हंजी आहेर पोचला.”

“पोचला आप्पा. तुमच्याकडून काही राहिलं नाही.”

याआधी त्यांच्या शाळेचं काम शिरूरचे एक वयस्कर सल्लागार बघायचे. आप्पा बँकेत पैसे जमा करायचे आणि मग हे गृहस्थ स्कूटरवरून शाळेत यायचे, कागद न्यायचे, रिटर्न भरून टाकायचे. त्यामुळे पैसे जमा करणं आणि रिटर्न भरणं ही दोन वेगळी कामं आहेत हे आप्पांना कधी जाणवलंच नाही. एक केलं की दुसरं मागोमाग आपोआप व्हायचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये या गृहस्थांनी धंदा आवरला आणि ते मुलाकडे राहायला गेले. स्कूटर आली नाही, आणि ती आली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला वाटलं, झालं. रिटर्न भरून टाकू, लेट फी जाईल, विषय संपला. पण शाळेचा विषय असा संपत नसतो. दोन दिवसांनी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. जुने बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, फोनवरही सभेत बोलल्यासारखे बोलणारे. त्यांना सगळे आबा म्हणतात.

“मॅडम, तुम्ही स्वता येऊन सांगा. चारचौघांत. न्हाईतर आमच्या आप्पाच्या मागचं किटाळ काय जायाचं न्हाई.”

जुलैअखेर तोंडावर आलेली. टेबलावर फायलींची चळत, डोळे चुरचुरताहेत, पाठ बोलतेय. मनात म्हटलं, यांच्या शाळेचे पंचनामे करत हिंडायचंच काय ते राहिलं होतं. पण चहाला हाक मारत नाहीत हे आप्पांचं वाक्य डोक्यातून जाईना. गेले. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका लागतो, रस्त्याला कांद्याच्या चाळी, मध्येच बाजरी. स्कूटीवर कंबरेचा खुळखुळा झाला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे बसले होते. आबा मधोमध, त्यांच्या शेजारी कार्यभार असलेल्या बाई, समोर निवृत्त सर आणि दाराजवळ एका स्टुलावर आप्पा. सरांना मी पहिल्यांदाच बघत होते. मराठीचे शिक्षक. इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ, एकेक शब्द जागच्या जागी. त्यांनी दहावीच्या किती वर्गांना अलंकार आणि वृत्तं शिकवली असतील कोण जाणे.

मी आहेराच्या पाकिटाचं उदाहरण पुन्हा दिलं. आबांनी मांडीवर थाप मारली.

“म्हंजी पैसं खाल्लं न्हाईत कुणी!”

“नाही आबा. सगळे पैसे सरकारजमा आहेत.”

खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला. बाईंनी आप्पांकडे बघून मान हलवली, जरा ओशाळल्यासारखी. तेवढ्यावर उठता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आबांनी विचारलं, “आन् ह्यो लेट फीचा भुर्दंड? त्यो कुणी सोसायचा?”

पगाराचं अनुदान येतं ते पगारासाठी. दंड भरायला शाळेकडे कुठलंच खातं नसतं. बाई म्हणाल्या, “हे माझ्या काळातलं नाही. मी का भरू?” त्यांचं बरोबर होतं. सरांचा ना-देय दाखला बाईंच्या सहीसाठी अडला होता, पेन्शनच्या कागदांना तो लागतो, आणि शाळेवर दंड उभा असताना कुणाचं काही देणं नाही असं त्या लिहून तरी कशा देणार?

सरांचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर कुणाचा पैसा अंगाला लावून न घेतलेला माणूस, त्यात निवृत्तीनंतर असं उत्तर देत बसायचं. त्यांनी आप्पांकडे बोट केलं.

“एकतीस मेला, हार घालायच्या आधी, मी ह्यांना विचारलं. ‘भरलं का?’ हे म्हणाले, ‘भरलं, सर.’ मी निर्धास्त झालो. हा माणूस माझ्याशी खोटं बोलला.”

आप्पा स्टुलावरून उठले.

“म्या खोटं न्हाई बोललो सर. एप्रिलातच भरलं व्हतं.”

“काय भरलं होतं?”

“पैसं.”

“मी रिटर्नचं विचारत होतो!”

“तुम्ही नुसतं ‘भरलं का’ म्हनला.”

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि दोन्ही एकदम आवरेना. मी म्हणाले, “सर, तुम्ही मराठीचे. टॅक्स आपण भरतो आणि रिटर्नही भरतोच. तुम्ही एक विचारलंत, आप्पांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं. दोघांचंही खरं आहे.”

“फी भरतो, फॉर्म भी भरतो,” आबा खूश होऊन म्हणाले. “पानी भरतो. आन् आमच्या तळेगावात आठवड्याला बाजार भरतो.”

“शाळाही भरते,” बाई हळूच म्हणाल्या.

सगळे हसले. सरसुद्धा हसले, ओठ न उघडता. चहा आला, आणि आबांनी मुद्दाम पहिला कप आप्पांच्या हातात दिला. मग सरांनी मान्य केलं की शिरूरच्या सल्लागारांचा ‘आता दुसरं कुणी बघा’ असा फोन त्यांनाच आला होता, आणि ते ‘बघतो’ म्हणून निवृत्तीच्या गडबडीत विसरले होते. लेट फी मी देतो, म्हणाले. आप्पा म्हणाले, निम्मी माझी. सरांनी हात वर केला. सही माझी असायला हवी होती, त्यामुळे भरायचं मीच, म्हणाले. त्यावर कुणी वाद घातला नाही. मी आठवडाभरात रिटर्न भरून टाकलं, शिक्षकांच्या नावांवर पैसे दिसू लागले, सरांचा दाखला निघाला. कागदोपत्री सगळं स्वच्छ झालं.

त्या दिवशी निघताना आप्पा माझ्या स्कूटीबरोबर फाटकापर्यंत चालत आले होते. मी हेल्मेट घातलं तरी ते हलेनात.

“समदं मिटलं ताई. तुमचं उपकार झालं. पर येक ऱ्हायलं.”

“काय राहिलं?”

“सर म्हनले, खोटं बोलला. चारचौघांत म्हनले. समदे हसले, चा प्याले, पर त्ये वाक्य काय कुनी मागं घेतलं न्हाई.”

मी काहीतरी बोलले, सर मनाचे चांगले आहेत वगैरे. ते म्हणाले, “म्या कुठं वाईट म्हंतो?” मग वळून शाळेत गेले. मला फार वाईट वाटलं. आपण इतकी कसरत करून चोरीचा आळ पुसला, आणि त्याखाली हे राहिलंच. मला त्यावर भरायला कुठला फॉर्मही नव्हता.

पुढे वर्षभर शाळेचं काम माझ्याकडेच आलं. आप्पा दर तिमाहीला कागद घेऊन यायचे, महिनाभर आधीच. आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी ‘भरलं’ हा शब्दच टाकून दिलाय. “पैसं बँकेत दिलं,” म्हणायचे. “रिटर्न तुम्ही धाडा,” म्हणायचे. एकदा माझ्यासमोर त्यांना घरून फोन आला. टाकी भरली का असं कुणीतरी विचारत असावं. आप्पा म्हणाले, “पानी वरपातुर आलंय.” मी हसले, पण ते हसले नाहीत. आयुष्यभर तोंडात असलेला शब्द माणूस असा गिळून टाकतो, हे बघून मला सरांचा संताप यायचा. एका वाक्याने काम झालं असतं. सर स्वातंत्र्यदिनाला शाळेत आले, प्रजासत्ताक दिनाला आले, आप्पांशी पावसापाण्याचं बोलले आणि गेले, असं बाईंकडून कळायचं. मराठीचा इतका मोठा माणूस, पण जे बोलायचं ते नेमकं बोलता येत नव्हतं. तळेगावच्या बाजारात एकदा सर मला दिसलेही, वांगी निवडत होते. जिभेवर आलं होतं, पण म्हटलं, त्यांच्या त्यांच्यात मी कोण? मी कोथिंबीर घेतली आणि निघाले.

यंदा मेअखेरीला आप्पांचा नंबर होता. त्यांचाही वाढदिवस अर्थातच एक जून.

कागद त्यांनी कधीच आणून दिले होते. पण शाळेत नव्याने लागलेल्या एका शिक्षकाचं पॅन कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं. तसं असलं की कर जास्त दराने कापायचा नियम आहे, मग सगळा हिशेब फिरतो. ते निस्तरता निस्तरता महिना संपला. शेवटी एकतीस मेला सगळं जुळलं, आणि त्या दिवशी देशभरातले माझ्यासारखे सगळे साईटवर तुटून पडलेले. स्क्रीनवर चक्र फिरतंय, फिरतंय, आणि मध्येच पान पांढरं होतंय.

सकाळीच आप्पा जिना चढून आले. कोरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध.

“आप्पा, आज तुमचा सत्कार ना?”

“दुपारच्याला हाय. पावती घेऊनशान जातो.”

“अहो, मी फोनवर पाठवते पावती. तुम्ही जा. घरचे वाट बघत असतील.”

“न्हाई ताई. गेल्या बारीला बी एकतीस मेच व्हता.”

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. ऊन चढलं. पंख्याचं वारं गरम येत होतं. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, मॅडम आमचंही आजच टाका ना, म्हणाला. दोन महिने याच्या मागे लागले होते. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाईट गेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा तग धरून राहिला. मान आखडली होती, जेवणाचा डबा तसाच होता. दुपार झाली तरी आप्पा आपले बसलेलेच. माझा तोल गेला.

“आप्पा, तुम्ही इथे बसलात म्हणून साईट पळणार आहे का? लोक हार घेऊन बसलेत तिकडे!”

“बसू द्या,” ते शांतपणे म्हणाले, आणि खाली जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. मला कसंतरीच झालं.

अखेर साईटने फाईल घेतली. आता राहिला ओटीपी, तो जाणार होता बाईंच्या मोबाईलवर. दोन्ही हात कीबोर्डवर असावेत म्हणून मी फोन स्पीकरला टाकून टेबलावर ठेवला आणि बाईंना लावला. पलीकडून लाऊडस्पीकरचा आवाज, कुणाचं तरी भाषण. बाई स्टेजवर होत्या. त्यांनी हळू आवाजात एकेक आकडा सांगितला, पण माईक समोरच असणार, कारण प्रत्येक आकडा मला दोनदा ऐकू आला. आमचा ओटीपी अख्ख्या मंडपाने ऐकला. मी आकडे टाकले, बटण दाबलं. चक्र फिरलं. थांबलं. प्रिंटर कुरकुरला आणि पावतीचा कागद बाहेर आला.

“मॅडम,” फोनमधून आता वेगळा आवाज आला. सर होते. सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले. “आप्पा आहेत का तिथे? सगळे खोळंबलेत. भरलं का?”

सवयीने विचारलं असावं. पण तो शब्द खोलीत आला तसे आप्पा ताठ झाले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

“तुम्हीच सांगा ताई. माज्या तोंडनं नगं.”

“हो सर,” मी म्हणाले. “पैसेही भरलेत आणि रिटर्नही भरलंय. पावती माझ्या हातात आहे.”

मग माईकची एक लांब शिट्टी वाजली, कानाला बोचेल अशी, आणि सरांचा आवाज घुमत यायला लागला. फोन त्यांनी माईकजवळ धरला होता.

“पावती राहू द्या मॅडम. आप्पांना सांगू द्या. ते भरलं म्हणाले की भरलं. मागच्या वर्षीही ते खरंच बोलले होते.”

मंडपात कुणी खोकलं, तेही ऐकू आलं. आप्पा खुर्चीतून उठले. टोपी नीट केली, सदरा खाली ओढला आणि टेबलावरच्या त्या फोनसमोर, सरांच्या टेबलासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. एकदा तोंड उघडून मिटलं.

“भरलं, सर,” ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता, डोळे पुसत, घाईघाईने जिना उतरून गेले. खालून जीपवाल्याला थांबवल्याची त्यांची हाक ऐकू आली. ज्या पावतीसाठी सकाळपासून बसले होते ती टेबलावरच राहिली होती.